आमचे पत्रे, त्यांची जहाजं

मी चिखली सोडली त्या सकाळी आई एसटी स्टँडवर माझ्यापासून चार हात लांब उभी होती. तोंडावर पदर धरलेला. मुंबईची गाडी लागली, बाबांनी बॅग वर चढवली, माझ्या धाकट्या भावानं, गजूनं, खिडकीजवळची जागा रुमाल टाकून धरली. सगळ्या बायका आपापल्या लेकींना कुरवाळत होत्या. आई मात्र चहाच्या टपरीला टेकून तिथूनच बघत राहिली. ती पुढे आली नाही, कारण तसं मीच तिला बजावलं होतं.

तिच्या छातीत पाणी झालं होतं. डॉक्टरांनी ते सुईनं काढलं आणि टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. मी अमरावतीहून अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेऊन आलेली, जंतूंचं मला फार कळायचं. मी तिचं ताट वेगळं केलं, पेला वेगळा केला, दोन्हींच्या बुडाला खिळ्यानं फुली ओरखडली. ताटापेल्यातून टीबी पसरत नाही, हे मला माहीत असायला हवं होतं. पण मी परदेशी जाणार होते, व्हिसासाठी छातीचा फोटो लागणार होता, आणि मला भीती वाटत होती. खरं कारण एवढंच.

गाडी सुटताना ती लांबूनच म्हणाली, "जाय वं माय. तिकडे लय थंडी असते म्हंतात. छाती झाकून राहाय."

सात महिन्यांनी ती गेली. मी दहाव्याच्या दिवशी पोचले. बाबा म्हणाले, "गोळ्या लागूच पडल्या नाही तिले." पुढची तेरा वर्षं मी हेच धरून चालले की आई टीबीनं गेली.

मी राहते ते ग्लासगो. तुमच्यापैकी जे बाहेर पडलेत त्यांना हे ओळखीचं वाटेल: पहिलं वर्ष कॉलेज, मग बिस्किटांच्या कारखान्यात क्वालिटीची नोकरी, आधी शेअरिंगची खोली, मग स्वतःचा छोटा फ्लॅट. चिखलीत उन्हाळ्यात अंगणात पाणी मारून खाट टाकायचो. इथे उन्हाचा एक दिवस उगवला की माणसं अर्धी उघडी होऊन हिरवळीवर लोळतात, आणि आता मीही लोळते. ज्वारीची भाकरी आठवते. पण महिन्यातून एकदा, रोज नाही. दर रविवारी घरी फोन. "घरी सगळं बरं?" "बरं. तिकडे?" "बरं." एवढ्यावर वर्षं गेली.

हे शहर एके काळी जहाजांचं होतं. इथल्या क्लाइड नदीच्या दोन्ही काठांना जहाज बांधण्याचे कारखाने खेटून होते, आणि अर्ध्या जगाची जहाजं इथून पाण्यात उतरली असं इथले लोक सांगतात. मला त्यात काडीचा रस नव्हता. आम्ही बुलढाणा जिल्ह्यातली माणसं. आमचं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे पेनटाकळीचं धरण. पण गेल्या मे महिन्यात वाचनालयात एक कागद लावलेला दिसला: जहाजांचा वारसा, सायकलवरून, रविवारी सकाळी दहा. मी बाबांच्या सायकलवर कैची मारत शिकलेली. शेजारणीची सायकल मागून घेतली आणि गेले.

आम्ही सात जण होतो. वाट दाखवायला अ‍ॅलेक नावाचे म्हातारे गृहस्थ. वय सत्तरीच्या पुढे, पाय काडीसारखे, पण चढावर आमच्या सगळ्यांच्या पुढे. सोळाव्या वर्षी ते एका कारखान्यात सुतार म्हणून लागले. जहाजात सुताराचं काय काम, असं मला वाटलं. ते म्हणाले, जहाज म्हणजे लोखंडात घातलेलं घर. शेकडो खोल्या, प्रत्येकीला भिंती, दारं, फळ्या. त्यांनी आम्हाला तो लांबलचक उतार दाखवला ज्यावरून जहाज घसरत नदीत जायचं. आता तिथे गवत आणि मधोमध एक रोपटं. मोठ्या क्रेनपाशी थांबवलं. जिथे जहाजांना इंजिनं बसवायचे त्या बांधीव कुंडात राजहंस पोहत होते आणि काठावर नव्या फ्लॅट्सच्या बाल्कन्यांत कपडे वाळत होते. जहाज उतरायच्या दिवशी शाळांना सुट्टी असायची, आणि त्यांच्या आईनं एकदा गर्दीत चप्पल हरवली होती, असं सगळं ते हसत हसत सांगत होते.

मग एका वळणावर तारेच्या कुंपणामागे एक पडकी शेड आली. मी ब्रेक लावला. छपरावर राखाडी, लाटालाटांचे पत्रे होते, कडेला शेवाळ, एका कोपऱ्यात तुटलेले. मला इतका आनंद झाला की मी ओरडलेच. हे तर आमचे पत्रे! चिखलीचे! चौदा वर्षांत या शहरात घरासारखं पहिल्यांदाच काही दिसलं होतं. मी अ‍ॅलेकना म्हटलं, माझे बाबा हेच काम करतात. सिमेंटचे पत्रे बसवतात. आमच्या तालुक्यातली निम्मी छपरं त्यांच्या हातची आहेत. लहानपणी पत्रा हलू नये म्हणून मी त्यावर बसायचे आणि ते हातकरवतीनं कापायचे.

अ‍ॅलेक सायकलवरून उतरले. त्यांनी कुंपणाला लावलेल्या पिवळ्या पाटीकडे बोट केलं. मी ती वाचली नव्हती. अ‍ॅस्बेस्टॉस, धोका, आत जाऊ नये.

"कापताना तोंडाला काही बांधतात?" त्यांनी विचारलं.

"कधीमधी गमछा," मी म्हटलं. मी अजून हसतच होते.

मग त्यांनी जे विचारलं त्याचा अर्थ कळायला मला काही क्षण लागले.

"आणि त्यांचे कपडे कोण धुतं?"

बाकीचे सगळे पुढे जाऊन थांबले होते. अ‍ॅलेकनी त्यांना हातानं थांबा म्हणून खुणावलं आणि माझ्याशी हळू बोलले. जहाजातल्या तापणाऱ्या नळ्यांना, बॉयलरला, भिंतींना सगळीकडे हेच अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. त्यांचे वडील नळ्यांवर त्याचा लेप चढवायचे. संध्याकाळी पांढरे होऊन घरी यायचे, भुवयांसकट. आई त्यांचे कपडे मागच्या दारात झटकायची आणि मग धुवायची. या धुळीतले धागे डोळ्यांना दिसतही नाहीत. ते छातीत जाऊन बसतात आणि वीस ते चाळीस वर्षं गप्प राहतात. "वडील म्हातारपणी पाय घसरून पडले, त्यातच गेले," ते म्हणाले. "आई छातीनं गेली. ती आयुष्यात एकदाही कारखान्याच्या फाटकातून आत गेली नव्हती. फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. सुरुवातीला फक्त पाणी व्हायचं. काढलं की परत व्हायचं."

पाणी व्हायचं. काढलं की परत व्हायचं.

मी सायकलचं हँडल धरून उभी होते एवढं आठवतं. पुढची फेरी मी केली नाही. नदीकाठानं सायकल हातात धरून चालत निघाले. डोळ्यांसमोर आमचं अंगण होतं. संध्याकाळी बाबा यायचे, सदरा काढून आईच्या हातात द्यायचे. ती तो दोन्ही हातांनी धरून जोरात फटका मारायची, एकदा, दोनदा, तीनदा, तोंड बाजूला वळवून. उन्हाच्या तिरिपेत पांढरी भुकटी उडायची. आम्हा पोरांना ती आवडायची. तिच्यानं आम्ही लंगडीचे चौकोन आखायचो. आई पत्र्याला कधी हात लावत नव्हती. आणि आमच्या घरात छातीत पाणी तिच्याच झालं.

अर्ध्या वाटेत एकदम आठवलं: गजूनं मागच्या रविवारी सांगितलं होतं की मागच्या ओसरीचे जुने पत्रे काढून तिथे स्लॅब टाकायचा आहे, आणि निघालेल्या पत्र्यांतून बाबा शेळ्यांसाठी छप्पर करणार आहेत. मी तिथेच, पुलाखाली, व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार कलायला लागली होती. गजूनं फोन उचलला आणि मागून करवतीचा आवाज आला. खर्र, खर्र. तो आवाज मी झोपेतही ओळखेन.

"गजू, काम थांबव."

"काऊन? काय झालं?"

"आधी थांबव. मग सांगते. ओवी कुठे आहे?"

त्यानं फोन फिरवला. ओवी, त्याची सहा वर्षांची पोर, बाबांपासून दोन हातांवर उकिडवी बसली होती. चिमटीत भुकटी घेऊन फरशीवर रांगोळी काढत होती.

मी इतकी किंचाळले की पुलाखालून जाणारा एक माणूस थांबून "ठीक आहात ना?" असं विचारून गेला. "तिला घरात ने! आंघोळ घाल! कपडे झटकू नको, कोणीही झटकू नका, ओले करून बाहेर काढ!"

गजूनं पोरीला उचललं. बाबांनी फोन हातात घेतला. त्यांच्या पापण्या पांढऱ्या होत्या.

"काय झालं वं मने? काऊन वरडून राह्यली?"

मी सांगितलं. जमेल तसं, तुटक. त्या पत्र्यात काय असतं, इथल्या लोकांना काय झालं. आईचं नाव मात्र मी घेतलं नाही.

बाबा हसले. "चाळीस वर्स झाले मले पत्रे कापून राह्यलो. मले झालं का काही? अजून शिडी चढतो. तिकडचे लोक नाजूक असतात बाप्पा. शीत लागलं का मरतात."

"बाबा, तुम्हाला माझी शपथ आहे."

शपथ आमच्या घरात सहसा कोणी घालत नाही. "बरं," ते म्हणाले. "ठेवतो करवत. पण तू रडू नको."

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते नीट सांगता येत नाही. कामावर बिस्किटांच्या ट्रेपुढे उभी राहायचे आणि मनात हिशेब चालायचा: आईचं लग्न कधी, बाबांनी हे काम कधी धरलं, ती गेली तेव्हा तिचं वय किती. सगळं बसत होतं. गजूनं कपाटातून आईचा छातीचा जुना फोटो शोधून काढला, खिडकीच्या काचेवर धरून त्याचं चित्र पाठवलं. मी ते माझ्या डॉक्टरबाईंना दाखवलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "उजव्या बाजूला पाणी आहे एवढं दिसतं. कशामुळे, ते यावरून कोणीच सांगू शकणार नाही. तेव्हा तुकडा काढून तपासला असता तर कळलं असतं." म्हणजे आता कधीच कळणार नाही. टीबी असेलही. नसेलही. मी त्यांना विचारलं, नसेल तर तिला वेगळं ठेवायची काही गरज होती का? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणजे माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसलं असणार.

गजू बाबांना संभाजीनगरला घेऊन गेला, छातीचं स्कॅन केलं. फुप्फुसाच्या आवरणावर जाड चट्टे निघाले. कर्करोग नाही, पण धूळ आत गेल्याची खूण आहे, दर वर्षी दाखवत राहा, असं सांगितलं. आता तिकडची माणसं नाजूक असतात, असं बाबा म्हणेनात.

दिवाळीनंतर मी घरी गेले. ओसरीचे उरलेले पत्रे तसेच वर होते. अर्धवट कापलेला पत्रा गजूनं ओल्या पोत्यात गुंडाळून, वर जाड प्लास्टिक बांधून परसात ठेवलेला. तो न्यायला कोणी तयार नव्हतं. भंगारवाला आला होता, पण तो म्हणे फोडून जोत्याच्या भरावात टाकू. गजूनं त्याला हाकलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा ओट्यावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. कसं सुरू करावं ते मी विमानात ठरवत आले होते, पण बोलावं लागलंच नाही. तेच म्हणाले,

"तुही आई तं पत्र्याले हातही लावे नाही."

"हो बाबा."

समोरून एक जीप गेली.

"सदरा झटके ती."

"हो."

"मीच सांगतलं होतं तिले. पाण्यात नको टाकू, शिमिट धरते, कापड कडक होते. कोरडाच झटकत जाय म्हटलं." त्यांनी स्वतःच्या तळहाताकडे पाहिलं. "मीच सांगतलं वं."

मी त्यांना डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते सांगितलं, की नक्की काहीच माहीत नाही. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. मग मी माझंही सांगितलं. ताटाचं, पेल्याचं. ती स्टँडवर लांब का उभी होती ते. बाबा म्हणाले, "मले माहीत आहे. घरी आल्यावर रडली ती. म्हणे, पोरगी शिकेल आहे, तिले समजते, पण एकदा गालाले हात लावू द्यायचा होता."

चौदा वर्षं हे वाक्य त्या घरात होतं आणि फोनवर मला कधी कोणी सांगितलं नव्हतं.

दोन दिवस बाबा घराबाहेर पडले नाहीत. जेवायचे, पडून राहायचे. तिसऱ्या दिवशी त्यांनी सायकलला हवा भरली, गजूची माझ्यासाठी काढली. "चाल. माहे पत्रे दाखवतो तुले."

मला वाटलं, जुन्या आठवणींसाठी. पण ते पहिल्याच घरापाशी उतरले आणि कडी वाजवली. घरातल्या बाईनं ओळखलं. "या काका! तुमचा पत्रा पंचवीस वर्सांत एकदा गळला नाही." बाबांनी आयुष्यभर हे ऐकून मान ताठ केली असेल. त्या दिवशी त्यांनी खाली घातली. "तेच सांगाले आलो बाई. पत्रा फोडू नको. भोक पाडू नको. करवत लावू देऊ नको कोणाले. आहे तसा राहू दे, वरून रंग मार. काढायचा झाला तं मले बोलाव, ओला करून अख्खाच उतरवू." बाई गोंधळून माझ्याकडे पाहू लागली. मी समजावून सांगितलं.

असे आम्ही चार दिवस फिरलो. घरं, गोठे, एक पिठाची गिरणी, एका मंगल कार्यालयाची भटारखान्याची शेड. कुठला पत्रा केव्हा चढवला, कुठे वासा वाकडा होता, कुठल्या घरी जेवायला काय होतं, सगळं त्यांना आठवत होतं. काही लोक हसले. गिरणीवाल्यानं विचारलं, "काका, म्हातारपणी हे काय नवीन धरलं?" एक तरणा माणूस भडकला. "तवा काऊन नाही सांगतलं बे? आता आमची लेकरं मोठी झाले याच्याखाली!" बाबांना 'बे' म्हणणारा तो पहिलाच. ते फक्त म्हणाले, "तवा मले माहीत नव्हतं."

शेवटच्या दिवशी ते मला गावाबाहेरच्या वस्तीवर घेऊन गेले आणि दारापाशी पोचल्यावर म्हणाले, "तूच बोल आधी." हे घर लक्ष्मणकाकांचं. ते वीस वर्षं बाबांच्या जोडीनं पत्रे चढवायचे, दुसरं टोक धरायचे. मी इकडे असताना दम्यानं गेले, असं मला कळवलं होतं. दारात त्यांच्या पत्नी, कौसाकाकू, तूर निवडत बसल्या होत्या.

मी सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. बाबा अंगणात उभेच होते, म्हणाले, "वहिनी, मीच त्याले या कामात आणलं होतं."

मला वाटलं आता त्या शिव्या देतील, आणि त्यांनी द्याव्यात असंही वाटलं.

"ते शेवटी दवाखान्यात होते नं," त्या म्हणाल्या, "तवा डॉक्टर रोज म्हणे, किती बिड्या ओढत होते? हे म्हणे, एक नाही. डॉक्टर म्हणे, खोटं बोलता. पोरंही म्हणे, बाबा चोरून ओढत असतीन. मलेही वाटलं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "मरताना मले म्हणे, कौसे, तू तरी मान. मी नाही मानलं हो. आज समजलं, खरं बोलत होते."

मग त्यांनी बाबांना आत बोलावलं. लक्ष्मणकाकांच्या तसबिरीपुढे दोघं बसून राहिले. मी बाहेर सायकलींपाशी थांबले.

इकडे परतल्यावर मी एकदा अ‍ॅलेकना भेटले. त्यांनी घरचं विचारलं. "सगळं बरं" हे तोंडावर आलं होतं, पण म्हणवलं नाही. आम्ही नदीकाठी बाकावर बराच वेळ बसलो. परक्या शहरातल्या एका म्हाताऱ्याला आणि मला एकमेकांच्या आया कशा दिसायच्या ते आता माहीत आहे.

इतकी वर्षं मी घर म्हणजे निघून आलेली जागा समजत होते. मागे राहिलेली, तशीच थांबलेली. आता डोळे मिटले की चिखलीची छपरं दिसतात, एकेक ओळखू येतं, आणि प्रत्येकाखाली कोण झोपलं आहे याची काळजी वाटते. ज्या गावाची अशी काळजी वाटते तेच आपलं, बाकी पत्ता कुठलाही असो.

रविवारी अजून फोन होतो. आता "बरं"वर थांबत नाही. परवा बाबा दमलेले वाटले. खोकले, मग म्हणाले, "आज तीन घरं झाले. एकानं ऐकलं."

"बाकीच्यांनी?"

"नाही ऐकलं. पुढच्या रविवारी पुन्हा जातो त्यायच्याकडे."